कोठारातलं ग्लायडर घ्यावं का?

प्रश्न : मी मूळचा हडपसरचा. ग्लायडिंग सेंटरच्या कुंपणापाशी उभं राहून विंचच्या दोरानं वर चढणारी ग्लायडरं बघत लहानाचा मोठा झालो. आता नोकरीनिमित्त स्टुटगार्टजवळ राहतो. इथल्या क्लबात शिकून परवानाही मिळवला आहे. शेजारच्या गावात एका शेतकऱ्याच्या कोठारात, बंद ट्रेलरमध्ये, १९६० च्या दशकातलं श्लायशर का ६ सीआर ठेवलेलं आहे. वीसएक वर्षं ते उडालेलं नाही. मालक वारले. घरची मंडळी ट्रेलरसकट अडीच हजार युरोला द्यायला तयार आहेत. फोटोत सगळं शाबूत दिसतं. क्लबातला एक मित्र म्हणतो, डोळे मिटून घे. दुसरा म्हणतो, जळणाला एवढे पैसे कशाला? सुतारकाम शिकायची माझी तयारी आहे. काय पाहावं, काय विचारावं?
— एक वाचक, जर्मनी

उत्तर : लाकडी ग्लायडर फोटोत नेहमीच शाबूत दिसतं. कापड ताणलेलं असतं, रंग लागलेला असतो, आणि ज्याच्या भरवशावर तुम्ही हजार मीटर उंचीवर बसणार तो डिंक दोन लाकडांच्या मधे, कुणाच्याच नजरेला न पडणाऱ्या जागी असतो. म्हणून निकाल आधीच सांगतो. ग्लायडरची जात उत्तम आहे, किंमतही वावगी नाही. पण लाकडी ग्लायडर तपासायचा अधिकार असलेल्या माणसाला बरोबर नेऊन, पंख उजेडात काढून, अख्खा दिवस घातल्याशिवाय पैसे देऊ नका. त्या दिवशी डिंक चांगला निघाला तर बाकीचं सगळं दुरुस्त होतं. डिंक गेलेला असेल तर फुकट दिलं तरी घेऊ नका.

का ६ बद्दल थोडं सांगायला हवं, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहानं जर्मनीत इंजिनाच्या विमानांवर बंधनं आली, आणि १९२० पासून ऱ्होन डोंगररांगेतल्या वासरकुपे शिखरावर तरुण मंडळी बिनइंजिनाची विमानं घेऊन जमू लागली. त्याच शिखराच्या पायथ्याला, पोपेनहाउझेन गावात, अलेक्झांडर श्लायशर यांनी १९२७ मध्ये कारखाना काढला. तो आजही तिथेच ग्लायडर बनवतो. का ६ हे रुडॉल्फ कायझर यांनी आखलेलं, एकाच माणसानं बसायचं ग्लायडर. ते १९५५ मध्ये पहिल्यांदा उडालं. पंखांचा पसारा १५ मीटर, रिकामं वजन दोनशे किलोच्याही आत. हवा स्थिर असेल तर एक किलोमीटर उंचीवरून ते सुमारे तीस किलोमीटर पुढे जातं. लाकूड आणि कापड एवढ्यावर १९५० च्या दशकात हे साधलं होतं. हाइन्झ हूट यांनी १९६० आणि १९६३ अशा लागोपाठच्या दोन जागतिक स्पर्धा स्टँडर्ड वर्गात याच ग्लायडरवर जिंकल्या.

तुमच्या दृष्टीनं त्या पदकांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे या जातीची सुमारे चौदाशे ग्लायडरं बनली आणि त्यांतली बरीच अजून उडतात. कारखाना चालू आहे, आराखडे जागेवर आहेत, आणि तुमच्या आसपासच्या कुठल्याही क्लबात का ६ चा पंख उघडून बसलेला एखादा म्हातारा सदस्य भेटेल. पहिल्याच खेपेला याहून मोठा आधार नाही. पुष्कळांना १९३० च्या दशकातलं मिनिमोआ खुणावतं. त्याचे समुद्रपक्ष्यासारखे वाकवलेले पंख मलाही डोळ्यांसमोरून हलवता येत नाहीत. पण ती बनलीच शंभराच्या आसपास, आणि त्यातला एक सांधा चुकला तर विचारायला माणूस शोधावा लागतो. ते ग्लायडर आपलं दुसरं किंवा तिसरं असावं.

आता डिंकाकडे वळतो. का ६ च्या पंखात एक मुख्य स्पार, म्हणजे पंखाचा भार पेलणारी लांब तुळई, असतो, पातळ पट्ट्या जोडून केलेल्या रिब असतात, पुढच्या कडेवरून बर्चचं प्लायवूड वळवलेलं असतं आणि मागच्या भागावर कापड. धडसुद्धा प्लायवूडचंच. आतमध्ये बारीक खिळे दिसतील, पण ते डिंक वाळेपर्यंत तुकडा जागेवर धरून ठेवायला मारलेले असतात. एकदा वाळलं की सगळा भार डिंकावर. स्प्रूस किंवा पाइनचं चांगलं लाकूड कोरडं राहिलं तर साठ वर्षांनीही आपलं काम करतं. मी पाहिलेल्या जुन्या पंखांत लाकूड आपणहून खराब झालेलं फार क्वचित दिसलं. जे बिघडलेलं होतं ते पाण्यानं बिघडलेलं होतं, आणि पाणी पहिल्यांदा डिंकाला गाठतं.

दुसऱ्या महायुद्धाआधीच्या ग्लायडरांत बहुतेक केसीनचा डिंक असे. दुधातलं केसीन चुन्याबरोबर कालवून तो करत. कोरड्या जागी तो अनेक दशकं टिकतो. ओल लागली की मऊ पडतो आणि त्याच्यावर बुरशी वाढते, कारण बुरशीला ते अन्नच आहे. पुढे युरिया-फॉर्मल्डिहाइड जातीचे डिंक आले: जर्मनीत काउरिट, इंग्लंडात एरोलाइट. त्यांना बुरशी लागत नाही आणि पाण्यापुढे ते केसीनपेक्षा खूप तग धरतात. पण दोन लाकडं नीट जुळलेली नसतील आणि मधल्या फटीत डिंकाचा जाड थर बसला असेल, तर तो थर कालांतरानं ठिसूळ होतो आणि त्याला बारीक तडे जातात. ऊन-पाऊस, उन्हाळा-हिवाळा यांचे फेरे त्यात भर घालतात. रिसॉर्सिनॉलचे गडद तांबूस-तपकिरी डिंक त्या मानानं सगळ्यांत भरवशाचे. साठ वर्षांच्या ग्लायडरमध्ये कारखान्यातला एक डिंक आणि पुढच्या प्रत्येक दुरुस्तीचा वेगळा, असं मिश्रण सापडू शकतं. कुठे कोणता आहे हे दुरुस्तीच्या नोंदींतूनच कळतं.

डिंकाच्या सांध्याचा हा विषय भारतातही एकदा ऐरणीवर आला होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांचं मॉस्किटो हे लाकडी लढाऊ विमान इथल्या तळांवर आलं आणि १९४४ मध्ये काहींचे पंख हवेतच मोडले. विमानं जमिनीवर उभी करून तपासणी झाली, तेव्हा सांधे जुळवतानाची ढिलाई आणि आत शिरलेला ओलावा, दोन्ही पुढे आलं. मुळात नीट जुळलेला सांधा दमट हवेतही पुष्कळ सोसतो. कसाबसा जुळवलेला सांधा कोरड्यातही एक दिवस दगा देतो. म्हणून ग्लायडर कुठे ठेवलं होतं हे जितकं विचाराल, तितक्याच आग्रहानं ते कुणी आणि कसं दुरुस्त केलं हेही विचारा.

सुटलेला सांधा ओळखायची एक जुनी रीत आहे. तपासनीस पंखाच्या मागच्या भागातलं थोडं कापड कापतो आणि रिबच्या जोडावर चिकटवलेली प्लायवूडची एखादी छोटी चकती निवडतो. जागा अशी की पुन्हा चिकटवायला सोपी जावी. पातळ सुरीचं टोक कडेखाली सरकवून तो चकती हळूच उचलतो. ती कुरकुरत, फाटत निघाली आणि तिच्या पाठीला लाकडाचे तंतू चिकटून आले, तर सांधा जिवंत आहे: लाकूड फाटलं, डिंक सुटला नाही. चकती टक्कन सुटली आणि पाठ गुळगुळीत, चकचकीत दिसली, तंतू एकही नाही, तर तो सांधा कधीचाच मेलेला होता आणि ती चकती नुसती खिळ्यांवर तगून होती. अशा तीन-चार जागा, दोन्ही पंखांत, मुळाशी आणि टोकाशी पाहायला सांगा. विकणारे नाही म्हणत असतील तर तिथेच थांबा. कापडाला पडलेली चार भोकं बुजवायला फार वेळ लागत नाही.

कोठारात पोचल्यावर पहिल्यांदा ट्रेलर पाहा. ट्रेलरनं वीस वर्षं त्या ग्लायडरला कसं सांभाळलं, यावर बाकीचं सगळं ठरतं. छताच्या आतल्या बाजूला पाण्याचे ओघळ आहेत का, खालच्या फळ्या काळ्या पडल्यात का, हवा खेळायला झरोके आहेत की सगळं गच्च बंद आहे? कोठार कोरडं असलं तरी गच्च बंद ट्रेलरमध्ये हिवाळ्यात आतल्या पत्र्यावर दव साठतं आणि थेंब थेंब पंखावर पडतं. दार उघडताच आलेला वास लक्षात ठेवा. कोरड्या लाकडाला रंगाचा, डोपचा (कापड ताणून धरणाऱ्या लेपाचा) वास येतो. शिळा, बुरसट वास आला तर टॉर्च घेऊन तो कुठून येतोय ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

उंदरांचंही बघा. पंखाचं मूळ, सीटच्या मागची जागा, रडरच्या आतली पोकळी या त्यांच्या आवडत्या जागा. घरटं काढून टाकता येतं, पण त्यांचं मूत प्लायवूडमध्ये मुरतं, लाकूड काळं पडतं, डिंक सुटतो आणि जवळची धातूची फिटिंग गंजते. अशा ठिकाणी तुकडा बदलण्याशिवाय इलाज नसतो.

मग पंख बाहेर काढा. पुढच्या कडेवरून डोळा लावून लांबवर नजर टाका. या पंखाचा आकार लॅमिनार जातीचा आहे. हवा त्यावरून शक्य तितकं न भोवंडता वाहावी म्हणून आखलेला. तिथे लाटा, खड्डे, फुगवटे दिसले तर जुनी दुरुस्ती किंवा आतून सुटलेलं प्लायवूड, दोहोंपैकी एक असणार. बोटांच्या सांध्यांनी टकटक करत जा. चिकटलेल्या जागी आवाज भरीव येतो, सुटलेल्या जागी पोकळ, फडफडता. रंगाखालून एका ओळीत तांबूस ठिपके उठले असतील तर आतले बारीक खिळे गंजलेत, म्हणजे तिथे पाणी पोचलं होतं. पंखाच्या खालच्या बाजूला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. नंतरच्या रंगकामात ती बुजली असतील तर त्या कप्प्याचा तळ नक्की तपासा. एअरब्रेकची पेटी तर वरूनच उघडते. पावसात उभ्या ग्लायडरमध्ये पाणी शिरायची ती हमखास जागा, आणि स्पार तिथून हाताच्या अंतरावर. पंख धडाला जोडणाऱ्या फिटिंगच्या बोल्टभोवती लाकडावर काळं कडं पडलेलं दिसलं, तर तपासनीसाला तिथे जास्त वेळ द्यायला सांगा. स्पारमध्ये खरी कुज निघाली तर हे ग्लायडर तुमच्यासाठी नाही.

विकायला काढलेल्या घराला आदल्या महिन्यात रंग दिलेला असला की घेणारा जसा सावध होतो, तसंच इथेही व्हा. तुमचं ग्लायडर वीस वर्षं हातही न लावलेलं आहे, हे मला त्याच्या बाजूचं वाटतं. मळकट, चिरा पडलेला, पण मूळचा रंग आतल्या गोष्टी दाखवतो. नुकतंच झगझगीत केलेलं ग्लायडर मला जास्त घाबरवतं.

कागदपत्रांना दुसरा दिवस ठेवा. जर्मनीत ग्लायडरच्या जन्मापासूनची नोंदवही असते: किती तास, किती उड्डाणं, कुठला अपघात, कुणी दुरुस्त केलं, कोणत्या तपासनीसाची सही. ही वही हरवली असेल तर किंमत निम्म्याहून खाली यायला हवी, कारण तिच्याशिवाय प्रत्येक जुनी दुरुस्ती संशयास्पद ठरते. वीस वर्षांत निघालेल्या सुरक्षा आदेशांपैकी किती लागू होतात हेही पाहावं लागेल. नियम कुठल्या खात्याचे लागतील हाही प्रश्न आहे. आराखडा १ जानेवारी १९५५ पूर्वीचा आणि उत्पादन १ जानेवारी १९७५ पूर्वी थांबलेलं असेल, तर युरोपात ते ऐतिहासिक विमान म्हणून त्या त्या देशाच्या खात्याकडे राहतं. नाहीतर युरोपच्या सामाईक नियमांखाली येतं. का ६ ची जन्मतारीख या रेषेला अगदी खेटून आहे, तेव्हा ऐकीव गोष्टींवर न जाता ग्लायडरचे कागद आणि ब्राउनश्वाइगचं विमान खातं काय म्हणतं ते पाहा. आणि वारसांपैकी विक्रीवर सही करायचा अधिकार कुणाला आहे, हे लेखी घ्या. चांगल्या घरांतही इथे गोंधळ होतो.

खर्चाचं म्हणाल तर अडीच हजार हा त्यातला सगळ्यांत छोटा आकडा असेल. कापड, डोप, प्लायवूड, डिंक यांचे पैसे लागतातच, पण न टाळता येणाऱ्या गोष्टी वेगळ्याच असतात. सीटबेल्टची मुदत संपलेली असते. दोर सोडायचा हूक दुरुस्तीला पाठवावा लागतो. जुना रेडिओ युरोपात आता चालत नाही, कारण तिथे ८.३३ किलोहर्ट्झची विभागणी असलेला रेडिओ लागतो. कंट्रोलच्या तारा बदलाव्या लागतील. कापडाचा बोळा तारेवरून फिरवला की तुटलेला धागा लगेच अडकतो. ट्रेलरची चाकं, ब्रेक, दिवे. ट्रेलर रस्त्यावर न्यायलाही तपासणी लागते, आणि ती झाल्याशिवाय ग्लायडर कोठारातून हलणारच नाही, हे मंडळी हटकून विसरतात.

वेळेचा हिशोब मी असा मांडतो. कापड पूर्ण उतरवून, आतलं सगळं पाहून, पुन्हा चढवून, रंग देऊन उडतं करायचं तर हजार तास धरा. आठवड्याला आठ तास नियमानं दिलेत तर जवळजवळ अडीच वर्षं. डिंक चांगला असेल आणि कापड अजून ताकदीचं निघालं तर एका हिवाळ्यातही भागेल. तुम्ही काम करायला उत्सुक आहात, पण तरीही सल्ला हाच देईन की सर्वांत कमी काम असलेलं ग्लायडर घ्या. त्यातसुद्धा शिकायला पोटभर मिळतं.

हे घरच्या गॅरेजात करू नका. जागेचा प्रश्न आहेच, एकेक पंख सात मीटरहून लांब. पण खरं कारण उबेचं आहे. डिंक ठरावीक तापमानाखाली नीट पक्का होत नाही, आणि जर्मन हिवाळ्यात थंड गॅरेजात लावलेला डिंक वरून वाळलेला दिसतो, आतून कच्चा असतो. तुमच्या क्लबाला गरम राहणारी कार्यशाळा असेल तर तीच जागा. तिथल्या बहुतेक क्लबांत सदस्यांनी हिवाळ्यात ठरावीक तास कार्यशाळेत द्यायचे असतात. ते तास आधी क्लबाच्या ग्लायडरवर द्या, हात बसवा, कार्यशाळा सांभाळणाऱ्या माणसाचा विश्वास मिळवा. ब्रिटनमध्ये १९७३ मध्ये सुरू झालेल्या व्हिंटेज ग्लायडर क्लबाचे सदस्य अनेक देशांत आहेत आणि दरवर्षी त्यांचा मेळावा भरतो. ग्लायडर घेण्याआधी एकदा तिथे जाऊन या. चाळीस-पन्नास लाकडी ग्लायडरांचे पंख हात लावून पाहिलेत की कोठारातल्या पंखाकडे बघायची नजर बदलते.

सुतारकामातला सर्वांत महत्त्वाचा धडा तिरप्या सांध्याचा. मोडलेल्या लाकडाला नवा तुकडा जोडताना दोन्ही टोकं लांब उतरती तासायची, जाडीच्या बारा ते पंधरा पट लांबीवर. दहा मिलिमीटर जाडीची पट्टी असेल तर सांधा बारा ते पंधरा सेंटिमीटर लांब. त्यानं डिंकाला भरपूर पृष्ठभाग मिळतो आणि ताण एका जागी गोळा होत नाही. रंधा धारदार हवा, आणि शेवटचा हात रंध्याचाच असावा. पॉलिश पेपरनं घासलेल्या जागी लाकडाची पूड छिद्रांत बसते, कडा गोलावतात, सांधा कमजोर होतो. दोन्ही तुकडे डिंकाशिवाय एकावर एक ठेवून उजेडासमोर धरा. मधून उजेडाची रेघ दिसली तर पुन्हा तासा. आधी टाकाऊ लाकडावर असे सांधे करा, वाळू द्या आणि हातोड्यानं मोडून पाहा. ते सांध्याच्या बाहेर, लाकडातच मोडायला लागले की मग ग्लायडरला हात लावा. रिब, कड, शेपटीचे तुकडे तुम्ही देखरेखीखाली करू शकाल. स्पारचं काम मात्र अधिकृत कार्यशाळेकडेच द्या.

लाकडी ग्लायडरचा मला सगळ्यांत मोठा गुण वाटतो तो हाच. मोडलेली रिब आराखडा समोर ठेवून, मूळ जातीचं लाकूड घेऊन, हातानं पुन्हा तशीच करता येते. कुठल्या साच्याची, कुठल्या भट्टीची गरज नाही. पन्नास वर्षांनी तुमची दुरुस्तीही कुणीतरी अशीच उघडून पाहील आणि पुढे चालू ठेवेल. म्हणून केलेल्या प्रत्येक कामाची तारीख, डिंकाचं नाव आणि त्या दिवशीचं कार्यशाळेचं तापमान लिहून ठेवा.

शेपटीकडे रंग कमीत कमी लावा. शेपूट तोलाच्या बिंदूपासून लांब असते, त्यामुळे तिथे चढलेला थोडासा भारसुद्धा सगळा तोल मागे नेतो, आणि तोल मागे गेलेलं ग्लायडर गिरकीतून बाहेर यायला कुरकुरतं. रडर किंवा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) जड झालं तर वेगात ते थरथरू लागतं, आणि ती थरथर काही क्षणांत शेपूट मोडू शकते. म्हणून काम संपल्यावर वजन आणि तोलाचा बिंदू नव्यानं मोजून, तपासनीसाची सही घेऊनच ग्लायडर बाहेर काढायचं. जुन्या ग्लायडरांत पंख जोडल्यावर एलेरॉन आणि एअरब्रेकच्या दांड्या हातानं जोडाव्या लागतात. त्या जोडायच्या राहिल्यामुळे माणसं गेली आहेत. जोडणी एकानं करावी, दुसऱ्यानं तपासावी, आणि मग तिसऱ्यानं पंखापाशी एलेरॉन हातानं घट्ट धरून तुम्हाला स्टिक हलवायला सांगावं. पहिलं उड्डाण का ६ वर मुरलेल्या क्लबातल्या माणसाला करू द्या.

त्या दोन मित्रांपैकी ‘घेऊन टाक’ म्हणणाऱ्याला निम्म्या मालकीत घ्या. एकट्यानं सुरू केलेली कामं दुसऱ्या हिवाळ्यात थंडावतात. दोघांत वाटे किती, खर्च कसा, एकानं सोडलं तर काय, हे पहिल्याच दिवशी कागदावर असू द्या.

प्रश्न : लाकडाच्या एवढ्या भानगडींपेक्षा १९७० च्या दशकातलं फायबरग्लासचं ग्लायडर घेणं सोपं नाही का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : उडायचंच असेल तर हो. फायबरग्लासचं पहिलं ग्लायडर, फिनिक्स, १९५७ मध्ये स्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांच्या गटातूनच आलं आणि पुढच्या पंधरा वर्षांत लाकूड स्पर्धांतून जवळजवळ बाहेर पडलं. त्या काळची ग्लायडरं लाकडीपेक्षा वेगवान आणि ओलीला कमी घाबरणारी. त्यांचं दुखणं वरच्या पांढऱ्या लेपात असतं. वर्षानुवर्षांच्या उन्हानं त्याला जाळीदार तडे जातात, आणि सगळा लेप घासून पुन्हा चढवायला शेकडो तास लागतात. ते काम धुळीचं आणि कंटाळवाणं. मला त्यात हाताला आनंद देणारं काही सापडलं नाही, रिब घडवण्यात सापडतं. ही आवड ज्याची त्याची.

प्रश्न : आपल्याकडेही लाकडी ग्लायडरं बनत होती असं ऐकलं. एखादं जुनं कुठे पडलेलं सापडलं तर काय करावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : बनत होती, आणि चांगली बनत होती. पुण्याचं ग्लायडिंग सेंटर १९५० पासूनचं. त्यानंतरच्या काळात नागरी विमान खात्याच्या दिल्लीतल्या तांत्रिक केंद्रानं स्वतःची ग्लायडरं आखली आणि त्यांना नक्षत्रांची नावं दिली: अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर्ष, आर्द्रा. १९५८ मधली अश्विनी आणि १९६१ मधली रोहिणी ही एस. रामामृतम यांची रचना. रोहिणीत शिकवणारा आणि शिकणारा शेजारी शेजारी बसत. या ग्लायडरांवर आपल्याकडच्या किती मुलांनी पहिल्यांदा जमीन सोडली असेल! त्यांची आठवण जपणारं काम आपल्याकडे फार कमी झालं आहे, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

एखादं सापडलं तर लगेच उडवायचा विचार नको. आपल्या दमट हवेत, कित्येक पावसाळे गेलेल्या पंखाचा डिंक कसा असेल हे उघडल्याशिवाय सांगता येत नाही. आधी ते आणखी बिघडू नये एवढं करा. प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळू नका, आत ओल कोंडते. सुती चादर टाका आणि हवा खेळती ठेवा. पंख जमिनीवर आडवे टाकू नका, पुढच्या कडेवर उभे करून मऊ पट्ट्यांच्या आधारानं ठेवा. कापड फाडू नका, रंग खरवडू नका. धातूच्या पट्टीवरचा क्रमांक टिपून घ्या, चारही बाजूंनी फोटो काढा, आणि ते कुणाच्या मालकीचं आहे याची आधी चौकशी करा. सरकारी मालमत्ता असेल तर लेखी परवानगीशिवाय हलवता येणार नाही. धड आणि शेपटीच्या पोकळ्यांत, सीटखाली, कागदांची पिशवी किंवा लॉगबुक सापडतं का ते पाहा, आणि सापडलं तर ते ग्लायडरपासून वेगळं, कोरड्या कपाटात ठेवा.